मुका कोपरा

रविवार, ८ ऑक्टोबर २०१७, बुरैदा

मुदीरने आज ऑफिसात बोलावून गहवा, म्हणजे इथली कॉफी, पाजला. क्लबचा हा मॅनेजर एरवी दारातच काम सांगून मोकळा होतो. गहवा पाजला की बातमी चांगली नसते, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय.

बातमी अशी: हॉल सांभाळायची माझी जागा आता सौदी माणसासाठी राखीव. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, एप्रिलअखेर संपतो. पुढे वाढवायचा की नाही ते कमिटी सीझन संपताना ठरवणार. तोवर एक सौदी माझ्यासोबत राहील, त्याला काम दाखवायचं.

मी घाबरलो नाही. असे ‘सोबतचे’ सौदी मी पाहिलेत. म्हणजे पाहिलेले नाहीत, तेच म्हणतोय. नाव पगारपत्रकावर आणि माणूस घरी. क्लबच्या गोदामात असे दोन आहेत, त्यांची तोंडं कुणाला ठाऊक नाहीत. माझाही तसाच निघेल. सौदी नोकरांचा सरकारी टक्का भरेल, आणि मी माझ्या फ्लोअरवर.

माझं फ्लोअर म्हणतो ते उगाच नाही. बास्केटबॉलचं हे लाकडी फ्लोअर बसवलं अमेरिकन कंपनीच्या लोकांनी, पण ते गेल्यावर जिवंत ठेवलं मी. मी कुडाळचा सुतार, शाळा नववीपर्यंत. मेपल हे लाकूड इथे येईपर्यंत पाहिलं नव्हतं. कंपनीचं इंग्रजी माहितीपत्रक डिक्शनरी घेऊन वाचलं, उरलेलं हाताने आणि कानाने शिकलो. इथले लोक मला ‘या मुहंदिस’ अशी हाक मारतात, म्हणजे ‘अहो इंजिनियर’. रूममेट यूनुस म्हणतो, ते पंक्चर काढणाऱ्यालाही मुहंदिसच म्हणतात. यूनुस राजापूरचा, क्लबची बस चालवतो. त्याला लाकडातलं काही कळत नाही.

संघाचं सांगायचं तर गेल्या वर्षी फक्त दोन सामने जिंकलो. परदेशी खेळाडू काढून टाकले आणि सगळी गावातली पोरं घेतली. कमिटी म्हणते, संघ पायापासून बांधायचाय, तीन वर्षं लागतील. हे दुसरं. मला हे पटतं. पायापासून बांधणं म्हणजे काय ते मला नाही कळणार तर कुणाला?

पण पाया म्हटलं की मला बसगेटकडचा, म्हणजे संघाची बस लागते त्या दाराकडचा कोपरा आठवतो. सगळ्या फ्लोअरवर चेंडू कसा खणखणीत वर येतो. त्या कोपऱ्यात मात्र आपटला की ‘भद्द’ होतो आणि गुडघ्याच्या वर येत नाही. मी त्याला मुका कोपरा म्हणतो. वरून डेझर्ट कूलरचा पत्रा जातो, दर उन्हाळ्यात पाणी ठिबकतं. खालचं लाकूड कुजलंय हे मी लेखी दिलं. मुदीर हसला. वाळवंटात लाकूड कुजतं का, म्हणाला. कोकणातल्या माणसाला ओल शिकवतो.

या सीझनमध्ये तो कोपरा मी बोलका करणार. फ्लोअर असं करून दाखवीन की कमिटीला माझ्याशिवाय दुसरं नाव सुचू नये.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

पहिला सामना घरच्या हॉलवर. एकतीस गुणांनी हरलो.

आणि तो सौदी आला. खरोखरच आला. नाव अबू मिशाल. कॉरिडॉरमध्ये ज्याचा फोटो लावलाय, चषक उचललेला, तोच. पंधरा वर्षांपूर्वीचा कॅप्टन. आता दोन्ही गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही. खुर्ची मागवून बेसलाइनपाशी बसला आणि पोरांकडे बघत राहिला. मी मॉप हातात दिला तर असा धरला जणू मिरवणुकीतला झेंडा. फोटोतल्या माणसाला फरशी पुसायला लावताना मलाच कसंसं झालं, पण काम ते काम.

घरी यूनुस म्हणाला, “मेस्त्री, तुझा साहेब आला रे.”

साहेब नाही, मदतनीस आहे, असं मी त्याला नीट समजावलं. तो कांदा चिरत होता. मान वर केली नाही.

रविवार, ५ नोव्हेंबर

खफजीलाही हरलो, तेही मोठ्या फरकाने. मी बाहेरगावच्या सामन्यांना जात नाही, यूनुसकडून कळतं. येताना अख्ख्या बसमध्ये कुणी बोललं नाही. एका पेट्रोलपंपावर नमाजासाठी उतरले तेव्हा कुणीतरी सालेहला म्हणालं, तू आपल्या बापाजवळ बाजारात बस, सुक्करी खजूर विक, तिथे तरी कुणी हातातून हिसकावणार नाही. सालेह हा आमचा चेंडू खेळवणारा पोरगा, वीस-एकवीसचा. त्याच्या वडिलांचा खजूरबाजारात गाळा आहे. यूनुस म्हणतो, सालेह पुढे तीनशे किलोमीटर चेंडू मांडीवर धरून बसला होता.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

अबू मिशालने फ्लोअर आडवं पुसलं, पट्ट्यांच्या रेषेविरुद्ध. मी मॉप काढून घेतला. त्याने तो परत माझ्याकडून घेतला आणि उभं पुसलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गुडघे ओढत.  बरं पुसलं.

गुरुवार, ७ डिसेंबर

जिंकलो. सीझनमधला पहिलाच विजय. हॉलमध्ये माणसं थोडी, पण आवाज केवढा.

मला मात्र धड आनंद घेता आला नाही. दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्यांचा तो उंच पोरगा चेंडू आपटत बसगेटच्या बाजूने आला आणि मुक्या कोपऱ्यात त्याचा चेंडू भद्द झाला. हात वरच्या वर फिरला, खाली सालेहने चेंडू उचलला आणि पळाला. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. पाहुणा पोरगा फ्लोअरकडे बघायला लागला. मी खांबाआड गेलो. घरी आलेल्या माणसाला मोडकी खुर्ची दिल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट नोंदवतो. आमची पोरं पहिल्या अर्ध्यात झोपलेली असतात, घरच्या हॉलवर खेळतात ती दुसऱ्या अर्ध्यातच, कोर्टाच्या बाजू बदलल्या की. कोचने यावर विचार करायला हवा. आणि अबू मिशाल खुर्चीवरून सारखी दोन बोटं वर करत होता. मला वाटलं गहवा मागतोय, म्हणून मी दोन कप नेऊन दिले. त्याने घेतले, पण चमत्कारिक नजरेने बघितलं.

सामन्यानंतर त्याला म्हटलं, तो कोपरा आता उघडायलाच हवा, अब्रू जाते. तो म्हणाला, माझ्या वेळेपासून असाच आहे, राहू दे. राहू दे! चांगला माणूस आहे, पण काम टाळायची खोड जात नाही.

शुक्रवार, २२ डिसेंबर

घरच्या हॉलवर आणखी एक विजय, मधे बाहेर दोन पराभव. मुदीर खुशीत आहे. मी पुन्हा कोपऱ्याचं काढलं. त्याने हात झटकला. सीझन संपल्यावर बघू, म्हणाला.

सीझन संपल्यावर मी असेन की नाही हे त्यालाच ठाऊक. कुणी हो म्हणायची वाट बघत बसलो तर कोपरा माझ्यामागेही मुकाच राहील. जानेवारीत संघ जेद्दा आणि खफजीच्या दौऱ्यावर जाईल, अबू मिशालही सोबत असेल. दर जानेवारीला मी फ्लोअरवर वॉर्निशचा हात देतो आणि हॉल बंद ठेवतो, त्याची चौकशी कुणी करत नाही. सगळं त्या बंद दाराआड उरकायचं.

कुणाला सांगायचं नाही. त्यांना चेंडूच सांगेल.

शुक्रवार, १२ जानेवारी २०१८

कोपरा उघडला.

जीभ-खाचेची जोड सोडवायला पटाशी हळू लावावी लागते, घाई केली की जीभ तुटते. पट्ट्या एकेक काढून क्रमाने भिंतीशी उभ्या केल्या. खाली बघतो तर मी लिहून दिलं होतं तेच. आडवा वासा फुगून काळा पडलेला, बोट दाबलं तर आत जात होतं. त्याखालच्या रबरी गाद्या पापडासारख्या चपट्या. वाळू, आणि खजुराच्या बिया, उंदरांनी आणलेल्या असणार. क्षणभर मुदीरला बोलावून दाखवावंसं वाटलं, ही बघ वाळवंटातली ओल. पण बोलावलं नाही.

नवा वासा मी आधीच तासून, सुकवून ठेवला होता. कंपनीच्या उरलेल्या पट्ट्याही जपून ठेवल्या होत्या. गाद्या नव्या. कूलरखाली पत्र्याचा ट्रे बसवला, नळी बाहेर काढली. वॉर्निश असं जुळवलं की कुठे जुनं संपतं आणि कुठे नवं सुरू होतं हे मी दाखवल्याशिवाय कळणार नाही.

बुधवार, १७ जानेवारी

वॉर्निश सुकलं. खांद्यापासून चेंडू सोडला. कमरेच्या वर आला. पुन्हा सोडला, पुन्हा कमरेच्या वर. आवाज गोल, मोकळा, आत पोकळी नसलेला. रिकाम्या हॉलमध्ये मी चेंडू आपटत आपटत सगळा कोपरा फिरलो. एकावन्न वर्षांचा माणूस, पायात मोजे. कुणी बघायला नव्हतं हे बरं.

पोरं आज परतली. दौऱ्यावर दोन्ही सामने हरली. हॉल उद्या सामन्यालाच उघडेन म्हटल्यावर त्यांनी शाळेच्या सिमेंटवर सराव केला.

गुरुवार, १८ जानेवारी

बावीस गुणांनी हरलो. तेही ज्या संघाला हरवायचंच असं सगळे म्हणत होते, त्याच्याकडून.

पहिला अर्धा बरा गेला. दुसऱ्या अर्ध्यात त्यांचा पोरगा बसगेटच्या बाजूने आला, सरळ कोपऱ्यातून वळून बास्केट केली. मग तेच तेच. आमच्या पोरांनी ती सगळी बाजू मोकळी का सोडली ते मला कळेना. उलट त्याला तिकडेच वाट करून देत होती आणि सालेह बाजूला वाकून उभा, चेंडू आपोआप हातात येणार असल्यासारखा. चेंडू काही आला नाही. पाचव्या-सहाव्या वेळेला सालेह तिथेच उभा राहिला आणि फ्लोअरकडे बघायला लागला.

माझं फ्लोअर मात्र घंटेसारखं वाजत होतं.

सगळे गेल्यावर अबू मिशाल कोपऱ्यात गेला. खुर्ची घेतली नाही. त्या गुडघ्यांनी खाली बसला, कसा बसला देव जाणे, आणि तळहात लाकडावर ठेवला. मग माझ्याकडे बघून एकच शब्द विचारला: कोणी?

मी, म्हटलं. छाती पुढे काढून म्हटलं, खोटं कशाला लिहू.

 त्याने हात पुढे केला, मी त्याला उठवलं आणि तो निघून गेला. शाबास म्हणाला नाही. इथल्या माणसांना कौतुक करायला जमत नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

सकाळी यूनुस सुरमई साफ करत होता. मी कालचं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली.

“मेस्त्री, तू तो कोपरा दुरुस्त केलास?”

“केला. कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तुलाही नाही सांगितलं.”

“अरे देवमाणसा,” यूनुस म्हणाला, “तोच आमचा सहावा खेळाडू होता.”

मग त्याने सांगितलं ते लिहितो. समोरच्याला हळूहळू त्या बाजूला रेटायचं, वाट मोकळी आहे असं वाटू द्यायचं, चेंडू तिथे मेला की सालेहने उचलायचा. अबू मिशाल स्वतः खेळायचा तेव्हाची ही युक्ती. दोन बोटं वर म्हणजे कोपऱ्यात न्या. कोचला ठाऊक, पोरांना ठाऊक, मुदीरला ठाऊक. म्हणून तर तो कोपरा उघडू देत नव्हता. बसमध्ये यावरून हसायचे. माझ्या गहव्याच्या दोन कपांवरूनही हसले होते म्हणे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, “तुला? तू त्याच दिवशी पटाशी घेऊन गेला असतास.”

जेवलो नाही. राग कुणावर काढायचा ते ठरेना. मी वर्षानुवर्षं ज्याची लाज धरली त्यावर ही पोरं जिंकत होती, आणि मी ते त्यांच्या पायाखालून काढून घेतलं. पण कुजलेला वासा हा कुजलेला वासाच. माझं चुकलं असं लिहायला हात धजत नाही, आणि बरोबर होतं असंही लिहवत नाही.

रविवार, २१ जानेवारी

मुदीरने बोलावलं. गहवा नाही. कुणाच्या परवानगीने, हे त्याने तीन वेळा विचारलं. मग आवाज खाली आणला आणि म्हणाला, कोपरा होता तसा कर, मी कमिटीला तुझ्यासाठी पत्र लिहितो. हॉलच्या तांत्रिक कामासाठी एखादा परदेशी माणूस ठेवायची सूट मागता येते, कमिटी माझं ऐकते. इकामा वाढेल.

विचार करून सांगतो म्हटलं.

काम फार मोठं नाही. चार पट्ट्या उचलायच्या, वाशाखालच्या गाद्या काढून घ्यायच्या, पट्ट्या परत बसवायच्या. चेंडू पुन्हा भद्द. एका दुपारचं काम, आणि बदल्यात नोकरीची दोन वर्षं.

सोमवार, २२ जानेवारी

घरी बायकोला, मधुमतीला फोनवर सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “माका त्यातला काय कळणा नाय. पण तुमी कोणाचो दरवाजो मुद्दाम वाकडो बसवलास काय कधी?”

नाही, म्हटलं.

“मगे माका कित्याक इचारतास?”

दुपारी पटाशी घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. का बसलो होतो ते लिहीत नाही. अबू मिशाल आला, खुर्ची ओढून शेजारी बसला. मुदीरचं बोलणं त्याच्या कानावर आलं होतं. मला वाटलं, म्हणेल उघड लवकर. युक्ती त्याचीच होती.

तो फोटोतल्या चषकाविषयी बोलायला लागला. तो चषक इथे, याच हॉलवर जिंकलेला. नंतर रियाधला, जेद्दाला, जिथे गेलो तिथे हरलो, म्हणाला. हा कोपरा होता तोवर आम्हाला बचाव शिकायची गरजच पडली नाही. मी ही युक्ती या पोरांना दिली कारण माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. बाहेर जाऊन ती तशीच हरतात, जसे आम्ही हरलो.

मग म्हणाला, “या मुहंदिस, पट्टीला हात लावशील तर मी तुझा हात मोडीन. गुडघे गेलेत, हात शाबूत आहेत.”

माझ्या नोकरीचं काय, असं मी विचारलं नाही आणि त्यानेही काढलं नाही. पण तो नजर चुकवत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी ऑक्टोबरपासून ज्याला मदतनीस म्हणतोय, तो माझी जागा घ्यायला आलाय. तो पहिल्या दिवसापासून ते जाणून होता. यूनुसही जाणून होता, कांदा चिरताना.

पटाशी पेटीत ठेवली. मुदीरकडे जाऊन सांगितलं, होणार नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

पुन्हा पराभव, सतरा गुणांनी. त्याआधीचा एकोणीसने.

सराव संपला की अबू मिशाल सालेहला ठेवून घेतो. बसगेटच्या कोपऱ्यात बचाव शिकवतो, खुर्चीवर बसून, छडीने पाय कुठे ठेवायचा ते दाखवत. चेंडूकडे बघू नको, समोरच्याच्या कंबरेकडे बघ, कंबर खोटं बोलत नाही. समोरून चेंडू आणायला कुणी हवं होतं. बाकीची पोरं दमून गेलेली. अबू मिशालने माझ्याकडे बोट केलं.

मी कधी खेळलो नाही. पण या फ्लोअरवर चेंडू कुठे किती येतो ते माझ्या हाताला पाठ आहे. मोजे काढले, बूट घातले आणि चेंडू आपटत कोपऱ्यात शिरलो. सालेहने पहिल्यांदा हसत हसत काढून घेतला. नंतर एकदा मी त्याला चकवून पुढे गेलो. तो आणि त्याहून जास्त मी थक्क झालो. अबू मिशाल म्हणाला, सालेह, हा म्हातारा इंजिनियर तुला हरवतोय, बाजारात सांगू का? त्यानंतर सालेह हसला नाही. मी सात-आठ वेळा आपटलो. पाठीला तेल लावून देताना यूनुस म्हणाला, “एका सुताराचं लाकूड झालं.”

गुरुवार, २२ फेब्रुवारी

नऊ गुणांनी हरलो. बाहेर, जेद्दाला. यूनुसने बसमधून फोन केला, पोरं मागे भांडत होती. कुणी कुठे उभं राहायचं त्यावरून. म्हणाला, मेस्त्री, गप्प बसण्यापेक्षा हे बरं.

बुधवार, १४ मार्च

आता मीही हातचं काही राखत नाही. अबू मिशालला टाचेने ऐकायला शिकवतोय. अनवाणी चालायचं, टाच टेकवायची, आवाज कुठे बदलतो ते धरायचं. डोळे मिटून. त्याला गुडघे वाकवता येत नाहीत, पण टाचेला गुडघा लागत नाही. आज त्याने स्वतःहून मधल्या वर्तुळाजवळ एक सैल पट्टी शोधली. मला ती ठाऊक होती, मी सांगितली नव्हती. आनंद झाला, आणि थोडं दुखलंही.

मंगळवार, २७ मार्च

कमिटीचं ठरलं. इकामा वाढणार नाही. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात खुरूज, कायमची रवानगी. मुदीरने कागद पुढे सरकवला. वाईट वाटल्यासारखा चेहरा केला होता, कदाचित खरंच वाटलं असेल.

यूनुसकडून कळलं की अबू मिशाल परवा मुदीरशी भांडला. मला ही जागा नको, त्यालाच ठेवा, म्हणाला. मुदीर म्हणाला, तू नको म्हणालास तर दुसरा सौदी येईल, तो मुहंदिस तर राहणार नाहीच.

संध्याकाळी मी अबू मिशालला हॉलमध्ये गाठलं. तो वाद घालायच्या तयारीत होता. मी त्याला बोलू दिलं नाही.

“जागा सोडलीस तर बघ,” मी म्हटलं. “उद्या कुणीतरी येईल, आडवं पुसेल. मी कुडाळात बसून काय करू?”

तो हसला. मग त्याने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाला ओठ टेकले. इथे मोठ्या भावाला असं करतात. माझ्याहून तो सहा वर्षांनी लहान आहे, तेव्हा रीतीला धरूनच झालं.

गुरुवार, १२ एप्रिल

शेवटचा सामना. जानेवारीत ज्यांनी बावीसने धुतलं, तोच संघ. तळाला आम्हीच, ते आधीच ठरलेलं. तरी हॉल भरला. सालेहचे वडील खजुराचे डबे घेऊन आले आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर ठेवत होते, पाहुण्यांच्यासुद्धा.

दुसरा अर्धा. बाजू बदलल्या. त्यांचा तोच पोरगा बसगेटकडून आला. त्याला वाट ठाऊक झाली होती. चेंडू कोपऱ्यात खणखणीत वर आला, आणि सालेह समोर उभा. चेंडूकडे बघत नव्हता, कंबरेकडे बघत होता. पोरगा वळला, सालेहही वळला. पोरगा थांबला, सालेहही थांबला. मग हात असा गेला की मला दिसलासुद्धा नाही. चेंडू त्याच्याकडे. फाउल नाही, फसवाफसवी नाही, चेंडू जिवंत. हॉल उठला. अबू मिशाल खुर्चीवरून उठला, खुर्ची मागे पडली.

त्या कोपऱ्यातून त्यांना नंतर एकही बास्केट करता आली नाही.

दोन गुणांनी हरलो. शेवटची फेक रिंगवर फिरून बाहेर आली. पोरं खाली बसली, कुणी रडलं. सालेह उभाच होता. रागावलेला दिसत होता. ऑक्टोबरमध्ये एकतीसने हरलो तेव्हा तो रागावला नव्हता. मला ते फार आवडलं.

सगळे गेल्यावर मॉप घेतला. अबू मिशालने दुसरा घेतला. त्याने बसगेटकडून सुरुवात केली, मी समोरून. मधल्या रेषेवर भेटलो.

मंगळवार, ९ ऑक्टोबर २०१८, कुडाळ

उद्यापासून नवरात्र. भातकापणी चालू आहे. गेल्या महिन्यात गावातल्या शाळेच्या स्टेजचं काम घेतलं. मुख्याध्यापकांना घाईत हवं होतं. म्हटलं, वासा सुकल्याशिवाय पट्टी चढणार नाही.

दुपारी अबू मिशालचा व्हॉट्सअॅपवर आवाज आला. बोलणं नाही, नुसता चेंडूचा आवाज. रिकाम्या हॉलमध्ये चेंडू आपटत चाललाय. मी पडवीत बसून कानाला लावला. बसगेटचा कोपरा ओळखला, उत्तम. बेसलाइन, उत्तम. मधलं वर्तुळ, सैल पट्टी बसवलेली दिसते. मग उजव्या खांबाजवळ एक टप्पा जरासा बसका. पुन्हा लावून ऐकला. मधुमती म्हणाली, “कोणाचो फोन?” चेंडूचो, म्हटलं.

मी आवाजातच उत्तर धाडलं: उजव्या खांबापाशी, भिंतीपासून दुसरा वासा, गादी दबली असेल. उघडून बघ, घाई करू नको, जीभ तुटेल.

लगेच फोटो आला. उजव्या खांबाजवळच्या पट्ट्या उचलून भिंतीशी क्रमाने उभ्या केलेल्या. शेजारी चपटी गादी. आणि खाली लाकडावर टेकलेले त्याचे दोन गुडघे, त्यांच्याखाली उशी.

पाठोपाठ त्याचं बोलणं: सकाळीच उघडलं, या मुहंदिस. आवाज उघडण्याआधीचा आहे. तुला अजून ऐकू येतं का, ते बघत होतो. गुरुवारी पहिला सामना आहे. तिसरं वर्ष.